बर्फाच्या कारखान्यातला अल्बम

बोईसर, ८ जून

स्वराजदादा,

‘प्रिय’ लिहायला घेतलं होतं. पण पत्राची सुरुवातच खोट्याने नको, म्हणून राहू दिलं. पोस्टाने पाठवतेय, कारण फोनवर मी तुला ब्लॉक केलंय आणि ते काढायचा माझा अजिबात विचार नाही. पत्ता आईकडून घेतला. तिने कशाला हवा म्हणून विचारलंसुद्धा नाही. लगेच पेन शोधायला लागली.

बातमी अशी की आम्ही अल्बम करतोय. आपला अल्बम, जो तू, मी, कैलास आणि मिथुन चार वर्षं नुसता ‘करू या’ म्हणत होतो. कैलास गिटार, मिथुन बेस, मी ड्रम्स. गाणारा कोणी नाही.

जागा ऐकून हसशील. नवापूरला शांतारामकाकांचा बर्फाचा कारखाना आहे ना, तो. मासेमारीची बंदी लागली की होड्या वर ओढतात. होड्याच नाहीत तर बर्फ कोण घेणार? दोन महिने कारखाना बंद. कॅन रिकामे, मशीन गप्प. बर्फ ठेवायच्या खोलीला एवढ्या जाड भिंती की बाहेर पाऊस कोसळतोय हे आत कळत नाही. आणि बाहेरच्या हॉलमध्ये, बर्फ गोठवायच्या टाकीवरच्या लाकडी फळ्यांवर मी ड्रम्स मांडले, एकदाच किक मारली, आणि कैलास म्हणाला, “नंदे, परत मार.” खालची अख्खी टाकी बोलते रे. असा आवाज पैसे मोजून मिळत नाही. अमोनियाचा वास मात्र डोक्यात जातो, तो सोसायचा.

शांतारामकाकांनी भाडं घेतलं नाही. त्यांची अट एकच, अल्बमवर त्यांच्या होडीचं नाव, ‘मंजुळा’, कुठेतरी यायला हवं. आणि दुसरं बजावलं, “बंदी उठली का मशीन चालू. मंग तुमचा बाजा बाहेर. मी काय ऐकायचा नाय.” म्हणजे आमच्याकडे जुलैअखेरपर्यंतच वेळ आहे.

आता कामाचं. सात गाणी आहेत. सहा आम्ही कशीबशी गाऊ, रॉकमध्ये बेसूर गाणाऱ्यांचंही निभतं. पण ‘दुसरी पाळी’ तुझं आहे. शब्द माझे, चाल तुझी. ‘भोंगा झाला, पाळी सुटली, घर अजून लांब’ यातला ‘लांब’ तू जिथे नेऊन ठेवलास, तिथे आमच्यापैकी कोणाचा आवाज जात नाही. ते गाणं नसेल तर या अल्बमला काही अर्थ नाही, असं मला वाटतं. म्हणून लिहितेय.

तीन वर्षं झाली, पण पुण्याचं मी विसरलेले नाही. बँडचं नाव सांगून तू मोठ्या महोत्सवात जागा मिळवलीस. आम्ही टेम्पोत सामान भरून आलो, बाबा हौसेने इस्त्रीचा शर्ट घालून पुढे बसले. आणि फाटकावर कळलं की आमची नावंच दिलेली नाहीत. आत तू भलत्याच चार जणांबरोबर आमचं हेच गाणं गात होतास. मिथुनचे सुकामामा फुंकतात त्या तारप्याच्या जागी कीबोर्डचं एक बटण. बाबा फाटकाबाहेर उभे राहून गाणं संपेपर्यंत ऐकत होते. तेव्हापासून ते तुझं नाव काढत नाहीत. विषय निघालाच तर ‘तो’ म्हणतात.

हे सगळं असूनही तू येऊन गावंस असं मला वाटतं. ये किंवा नको येऊस, पण कळव.

राजनंदिनी


बोईसर, २७ जून

स्वराजदादा,

तुझा निरोप आईच्या फोनवर आला. ‘ट्रॅक पाठवा, इथल्या स्टुडिओत गाऊन देतो.’ एवढंच! बहिणीने दोन पानं लिहिली आणि तू एका ओळीत गुंडाळलंस.

नाही पाठवणार. आपण जे जुने रेकॉर्ड ऐकत मोठे झालो, ते लोक एका खोलीत उभं राहून एकदम वाजवायचे. कोणी चुकला की सगळे पुन्हा पहिल्यापासून. आम्ही तसंच करतोय. चुका भरपूर होतायत, त्यामुळे वेळही भरपूर जातोय.

पहिल्या आठवड्यात कैलासला माइकचा शॉक बसला. खारी हवा, जुनं वायरिंग. तो हात झटकत शिव्या देत होता आणि ते सगळं रेकॉर्ड झालंय. मी घरी जेवताना सहज बोलले.  दुसऱ्या दिवशी पाहते तर स्कूटरवर तांब्याची वायर लादून बाबांची स्वारी नवापूरला हजर. अणुकेंद्रात जन्म काढलेला माणूस, त्यांनी अख्ख्या हॉलचं अर्थिंग नव्याने केलं. वर शांतारामकाकांना वायरिंगवरून असं झापलं की काका गुमान चहा घेऊन आले. आता रोज येतात. कोपऱ्यात खुर्ची टाकून बसतात आणि गाणं संपलं की “बरं हाय,” एवढं परभणीकडच्या हेलात म्हणतात. ‘दुसरी पाळी’ वाजवायला घेतलं की मात्र उठून बाहेर जातात.

आता अडचण सांगते. तारपा. मिथुनचे मामा सुका वाजवणार हे ठरलेलंच होतं. मी आणि मिथुन त्यांना आणायला पाड्यावर गेलो. लावणीचे दिवस, मामा गुडघाभर चिखलात. मिथुनने विषय काढला तर त्यांनी हातातली जुडी खाली ठेवून त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

“आता कसा वाजवाचा? नवा भात खाल्ला का मंग तारपा. तवर नाय.”

“मामा, एकच गाणं हाय,” मिथुन म्हणाला.

“एक असूं दे नाय तर दहा. भात अजून लावतोय आमी.”

विषय संपला. मिथुन परत येताना गाडीवर मागे बसून म्हणाला, “मला म्हाइत होता. पण तुमाला वाटेल मी इचारलाच नाय, म्हणून तुला नेली.” आता तूच बघ, बर्फाचा कारखाना मोकळा असतो पावसात आणि तारपा वाजतो पाऊस संपल्यावर. दोन्हींची गाठ पडणंच शक्य नाही. मग कैलासने तोड काढली. मिथुनच्या फोनवर गेल्या वर्षीच्या नाचाचं रेकॉर्डिंग आहे. त्यातल्या तारप्याच्या सुराला गिटार आणि बेस लावून घेतले. गाणं आत्ता वाजवायचं, तारप्याची जागा मोकळी सोडायची, आणि ऑक्टोबरात मामांना त्यावर वाजवायला लावायचं. एका खोलीत सगळ्यांनी एकदम वाजवायच्या माझ्या तत्त्वाला इथे मोठं भोक पडलं, हे मला कळतंय. तू दात काढू नकोस.

वीस जुलैला रविवार आहे. त्या दिवशी ‘दुसरी पाळी’. ये.

नंदिनी


बोईसर, २४ जुलै

स्वराज,

दादा म्हणायची आज इच्छा नाही.

रविवारी येतो असं तू आईला सांगितलंस. आईने सकाळी उठून धपाटे केले, दह्याची चटणी केली, डबा भरून स्वतः नवापूरला आली. ती कारखान्यात पहिल्यांदाच आली. माइक लावून ठेवला होता. बाबा त्या दिवशी उठून बाहेर गेले नाहीत, खुर्चीतच बसून राहिले. दुपार झाली. कैलास म्हणाला, सुरू करू या. बाबा म्हणाले, “थांबा थोडं. रस्त्यात असंल.”

तू रस्त्यातच होतास म्हणे. संध्याकाळी आईने रडत रडत सांगितलं. चिल्हार फाट्यापर्यंत आलास, बोईसरकडे वळायच्या ऐवजी टपरीवर चहा प्यायलास आणि पुण्याला परत गेलास. ‘कोणत्या तोंडाने येऊ’ असं तू तिला फोनवर म्हणालास. अरे, जे आहे त्याच तोंडाने यायचं! आम्ही काय तुला ओवाळायला बसलो होतो? मी दोन शिव्या घातल्या असत्या, कैलासने चार, आणि मग गाणं झालं असतं.

मला फार वाईट वाटलं. राग आला असता तर बरं झालं असतं, त्याची मला सवय आहे.

आम्ही आवाजाशिवाय वाजवलं. चांगलं झालं, खरं तर फारच चांगलं झालं. परवा शांतारामकाकांनी मशीन चालू करून बघितलं. शेवटच्या गाण्यामागे कॉम्प्रेसरची घरघर आलीये, ती आम्ही ठेवणार आहोत. आज सामान हलवलं. माझ्या ड्रम्सच्या जागी आता बर्फाचे कॅन आहेत.

राजनंदिनी


बोईसर, २० ऑगस्ट

दादा,

कैलासला तू आवाज पाठवलास. तो ट्रॅक त्याने माझ्या पाठीमागे तुला पाठवला होता, हे मला काल कळलं. त्याला जे बोलायचं ते बोलून झालंय.

ऐकला. माझा हट्ट, एक खोली वगैरे, सगळं बाजूला ठेवलं. तू असा कधीच गायला नव्हतास. ‘घर अजून लांब’ आलं तेव्हा मी कैलासच्या खोलीतून उठून मोरीत जाऊन तोंड धुतलं. कैलास म्हणाला, अमोनियाने होतं असं कधी कधी. त्याच्या खोलीत कसला आलाय अमोनिया!

तुझाच आवाज ठेवतोय. आता फक्त तारपा बाकी आहे.

बाबांना ऐकवला नाही. तारपा लागला की पूर्ण गाणं ऐकवू.

नंदू


बोईसर, ६ ऑक्टोबर

दादा,

हे पत्र लिहायला बसले आणि उठले, असं दोन दिवस चाललंय. सरळ सांगते. तुझा आवाज अल्बममधून काढावा लागतोय.

काय झालं ते ऐक. परवा आम्ही लॅपटॉप घेऊन पाड्यावर गेलो. या वर्षी भात लवकर तयार झालं, मामांकडे नवं खाऊन झालं होतं. मिथुनची बहीण भावना हिने अंगणात चटई टाकली. मामा आतून तारपा घेऊन आले. नवाकोरा, दुधी अजून पिवळा, ताडाच्या पानांचं तोंड हिरवट. कैलासने ट्रॅक लावला, मामांनी गाल फुगवून फुंकला, आणि आमची तोंडं पडली. त्यांचा सूर एकीकडे, आमचं गाणं भलतीकडे. जवळ जवळ, पण जुळत नाही, असं ते दुखणं.

“मामा, गेल्या वर्षीचा कुठाय?” मी विचारलं.

“त्याला उंदरांनी खाल्ला. शिमग्यालाच.”

शिमग्याला! म्हणजे जून-जुलैत आम्ही ज्या सुराला तारा लावत बसलो, तो तारपा तेव्हा जगातच नव्हता. मी मिथुनवर ओरडले, तुझ्या घरचं वाद्य, तुला माहीत नको? त्याला नवा तारपा करतात हे ठाऊक होतंच. दर दोन-तीन वर्षांनी करतात, नवा दुधी, नव्या पात्या, नवा सूर. पण त्याच्या डोक्यातच आलं नाही. तो अगदी मनापासून म्हणाला, “तारप्याचा सूर कोण बघतो? तारपा वाजला का सगली त्याच्यामागं जातात. आमी कदी त्याला मागं आणला नाय.” लहानपणापासून ज्याच्यामागे नाचत गेला, त्याचा सूर जपून ठेवायचा असतो हे त्याला कसं सुचणार? आणि आम्हाला वाटलं, वाद्य म्हणजे एकदा केलं की केलं. सगळ्यांनी मिळून केलेली चूक आहे, त्यामुळे भांडायलाही मजा येईना.

कैलासने लॅपटॉपवर तारप्याचा सूर वर खेचून पाहिला. जत्रेतल्या पिपाणीसारखा झाला. मामा ऐकून खो खो हसले. मग गाणंच खाली आणलं, तर तू सर्दी झाल्यासारखा गायला लागलास. कैलास हळूच म्हणाला, कीबोर्डवर तारप्याचा आवाज मिळतो. आणि लगेच त्याने स्वतःच लॅपटॉप मिटला.

दोन्हींतलं एकच राहू शकतं. तू की तारपा, असं मी स्वतःला विचारलं आणि उत्तर यायला फार वेळ लागला. तुझा आवाज मला हवा होता रे. पण तारपा काढून तुला ठेवायचं हे पुण्यात एकदा झालंय, ते मी पुन्हा माझ्या हाताने करणार नाही.

येत्या रविवारी पाड्यावरच, मामांच्या खळ्यात, उन्हं कलायच्या आत ‘दुसरी पाळी’ नव्याने वाजवतोय. सगळे एकदम. आम्ही मामांच्या सुराला लावून घेणार. पाड्यावरची मंडळी नाचणार, शेवटचं कडवं तीही म्हणतील, मिथुनने त्यांना शिकवलंय. यायचं असेल तर ये. चिल्हार फाट्याच्याही अलीकडे वळायचं आहे, फार लांब नाही. पण आम्ही थांबणार नाही. तू नसलास तर मी गाईन.

नंदू


बोईसर, ३ नोव्हेंबर

दादा,

अल्बम झाला.

त्या रविवारचं सांगते. तुला सांगायची गरज आहे की नाही ते शेवटी येईल.

खळं सारवलेलं, एका बाजूला भाताचे भारे, मधे मामा. जनरेटर दूर ओढ्याकाठी, आवाज येऊ नये म्हणून बाबांनी लांबच लांब वायर टाकली होती आणि ते तिकडेच जनरेटरपाशी थांबले होते. माझे ड्रम्स जमिनीवर, बर्फाच्या टाकीची गुंज नाही, नुसता कोरडा ठोका. मी रस्त्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि दहा वेळा बघितलं. मग मामा म्हणाले, “चला,” आणि फुंकायला लागले. मामा थांबत नाहीत. श्वास कुठे घेतात ते दिसत नाही. आम्ही त्यांच्या मागे निघालो.

ड्रम वाजवत गाणं काय असतं ते तू कधी केलं नाहीस, म्हणून सांगते, जीव जातो. सगळे नाचणारे एकमेकांच्या कमरेला धरून तारप्याभोवती फिरत होते, धूळ उडत होती, ऊन सरळ माझ्या डोळ्यांत. शेवटच्या कडव्यात ‘घर अजून’ म्हटलं आणि वरचा सूर मी सोडून दिला. जमणारच नव्हता. तोंड बंद करून नुसती वाजवत राहिले. मंडळींनी म्हटलं, तारप्याने भरलं, गाणं संपलं. मामा मात्र वाजवतच राहिले, नाच अजून संपला नव्हता.

मी ड्रम्समागे बसून रडले. भावना पाणी घेऊन आली. तू आला नाहीस, एवढंच डोक्यात होतं.

काल कैलासने सगळं नीट जुळवून आणलं. घरी लावलं. बाबांसमोर पहिल्यांदाच आमची पूर्ण ‘दुसरी पाळी’. आई दारात उभी होती. मी गायलेलं ऐकताना बाबा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. शेवटचं कडवं आलं, मी थांबले, मंडळी गायला लागली, आणि बाबांनी हात वर केला.

“मागं घे.”

कैलासने मागे घेतलं.

“पुन्हा.”

पन्नास गळ्यांच्या मागे, तारप्याच्या अगदी पोटात, एक आवाज आहे. दबलेला, माइकपासून लांब. बाकीचे ‘लांब’ खाली म्हणतात, तो एकटा वर जातो आणि मामांच्या सुरात असा बसतो की नीट ऐकल्याशिवाय वेगळा कळत नाही. कैलासने इतके दिवस हेडफोन कानाला लावून काम केलं, त्यालाही वाटलं पाड्यावरचंच कोणी असेल. मला कळला नाही. मी तर तुझ्याबरोबर एका खोलीत वाढले. बाबांना कळला.

मी लगेच मिथुनला फोन लावला, त्याने भावनाला दिला. ती म्हणाली, “दादा आलता ना. मोटारसायकल आंब्याखाली लावली न नाचात शिरला. जमुनामावशीच्या बाजूलाच व्हता. मला वाटला तुला म्हाइत हाय.”

तू गायला आला होतास. मी गातेय हे पाहिलंस आणि पुढे माइककडे आला नाहीस, नाचणाऱ्यांत शिरलास. पुण्यात जे केलंस त्याच्या बरोबर उलट केलंस. मला हे समजलं आणि मला तुझा अभिमान वाटला, हे लिहून ठेवते, पुन्हा म्हणणार नाही.

तुझं नाव गायकांत टाकलेलं नाही. मागून गाणाऱ्यांत टाकलंय, जमुनामावशी आणि भावना यांच्या खाली. ‘मंजुळा’ होडी शेवटी आहे. हरकत असेल तर सांग, बदलणार नाहीच.

फोनवरचं ब्लॉक आज काढणार होते. पण बाबा म्हणाले, पत्रच लिही, आणि माझं एक वाक्य घाल. तीन वर्षांत त्यांनी तुझ्यासाठी काढलेला हा पहिला शब्द आहे, म्हणून माझं काही न मिसळता त्यांनी म्हटलं तसंच लिहिते.

“स्वराज, इतक्या जवळ आलता, तर घरी का नाही आला?”

उत्तर मला नको. त्यांना येऊन दे.

नंदू